"फक्त एक रकाना वाढवायचाय": बदललेली गरज आणि तिचा पसारा

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल, बाइकवर असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल, जिथे असाल तिथे आरामात ऐका. बाइकवर असाल तर मात्र आवाज थोडा कमी ठेवा.

आजचा विषय नावाने जरा जड आहे. एंटरप्राइज आर्किटेक्चरमध्ये एखादी रिक्वायरमेंट बदलली, तर तिचा परिणाम कुठवर जाईल हे आधी कसं ओळखायचं? आयटीत काम करणाऱ्यांना "इम्पॅक्ट असेसमेंट" हा शब्द माहीत असेल. बहुतेक ठिकाणी ती एक एक्सेल शीट असते. कोणीतरी शेवटच्या दिवशी ती भरतं आणि सगळीकडे "लो" लिहून मोकळं होतं. मीही असं केलंय. त्याचं काय झालं तेच आज सांगणार आहे.

गोष्ट उरणची आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचं न्हावा शेवा बंदर, म्हणजे जेएनपीटी. आता कागदोपत्री जेएनपीए म्हणतात, पण उरणमध्ये आजही सगळे जेएनपीटीच म्हणतात. २६ मे १९८९ ला हे बंदर सुरू झालं. आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांमध्ये त्याची गणना होते. २०२३-२४ या एका वर्षात इथून ६४ लाख टीईयूहून जास्त माल गेला-आला. टीईयू म्हणजे एक वीस फुटी डबा. चाळीस फुटी डबा असेल तर तो दोन मोजायचा.

करळ फाट्यावरून किंवा गव्हाण फाट्यावरून कधी गेला असाल, तर ट्रेलरांची रांग तुम्ही बघितली असेल. त्या प्रत्येक डब्यामागे माहितीचीही एक रांग असते. निर्यातदार, कस्टम एजंट, कंटेनर यार्ड, ट्रान्सपोर्टवाला, टर्मिनल, शिपिंग लाइन, कस्टम्स, बँक. प्रत्येकाची सिस्टीम वेगळी आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवं असतं. एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे या सगळ्याचा नकाशा. काम काय चालतं, त्यासाठी कुठली माहिती लागते, ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ते सॉफ्टवेअर कुठल्या मशीनवर चालतं. हे चार थर लक्षात ठेवा: काम, माहिती, सॉफ्टवेअर, यंत्रणा. पुढे हेच चार लागणार आहेत.

एक बदल, जुलै २०१६

२०१६ साली मी द्रोणागिरीतल्या एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात सॉफ्टवेअर सांभाळायचे. यार्डचं नाव सांगत नाही, गरजही नाही. कारखान्यातून ट्रकने माल यायचा, तो डब्यात भरायचा, सील करायचा आणि टर्मिनलवर पाठवायचा, असं ते काम.

त्या वर्षी १ जुलैपासून जगभर एक नियम लागू होणार होता. व्हीजीएम, म्हणजे डब्याचं पडताळलेलं एकूण वजन. समुद्रावरच्या सुरक्षिततेसाठी सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. टायटॅनिक बुडाल्यानंतर, १९१४ साली त्याची पहिली आवृत्ती झाली. त्या करारात दुरुस्ती झाली: भरलेल्या डब्याचं खरं वजन निर्यातदाराने लेखी दिल्याशिवाय डबा जहाजावर चढवायचा नाही.

आता हा नियम का आला? जहाजावर डबे एकावर एक रचलेले असतात. खाली जड, वर हलके. कोणी दहा टनांचा म्हणून पंचवीस टनांचा डबा वर ठेवला तर रास कोसळू शकते, जहाजाचा तोल बिघडतो. २००७ च्या जानेवारीत एमएससी नापोली नावाचं जहाज इंग्लिश खाडीत वादळात सापडलं, त्याचा सांगाडा फाटला आणि शेवटी ते इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्याजवळ मुद्दाम उथळ पाण्यात टेकवावं लागलं. नंतर डेकवरचे कोरडे राहिलेले सुमारे ६६० डबे मोजले. त्यातल्या १३७ डब्यांचं वजन कागदावरच्या आकड्यापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाने वेगळं निघालं. जहाज फुटण्याचं मुख्य कारण त्याच्या बांधणीतली कमकुवत जागा होती, पण कागदावरच्या वजनावर विश्वास ठेवता येत नाही हे तिथे आकड्यांनिशी दिसलं.

म्हणजे नियम फालतू नव्हता. खलाशांचा आणि बंदरावरच्या कामगारांचा जीव त्यात होता. हे आधी सांगते, कारण बऱ्याचदा आपण रिक्वायरमेंट वाचतो, पण ती कुठून आली ते विचारत नाही. आणि ते माहीत नसलं की काय तोडून चालेल आणि काय नाही, ते ठरवताच येत नाही.

मीटिंगमध्ये साहेबांनी मला विचारलं, "किती काम आहे?" मी म्हणाले, "सर, फक्त एक रकाना वाढवायचाय. अर्धा दिवस."

अर्ध्या दिवसाचं काय झालं

आता चार थरांतून बघूया.

आधी माहिती. आमच्या सिस्टीममध्ये "वजन" नावाचा रकाना आधीच होता. मी विचार केला, नवा रकाना कशाला, यातच व्हीजीएम टाकू. पण त्या रकान्यात मालाचं वजन होतं, डब्यासकट नव्हे. रिकामा चाळीस फुटी डबाच साधारण पावणेचार टनांचा असतो. समजा, काट्यावर भरलेला ट्रेलर ३९,२६० किलो आला. रिकामा ट्रेलर १४,१८०. वजाबाकी केली की २५,०८० किलो, हे झालं व्हीजीएम. त्यातून डब्याचे ३,७५० काढले की उरतं २१,३३०, हे मालाचं वजन. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्हींना लोक "वजन"च म्हणतात, पण फरक पावणेचार टनांचा.

आणि तो रकाना तीन ठिकाणी वापरला जात होता. एक, टर्मिनलच्या गेटसाठी जो फॉर्म १३ लागतो त्यात. दोन, शिपिंग लाइनला जाणाऱ्या यादीत. तीन, आमच्या बिलात. हमाली आणि हाताळणीचा दर मालाच्या टनावर होता. पहिल्या आठवड्यात पार्ट्यांना डब्याच्या लोखंडाचंही बिल गेलं. फोनवर फोन. एका पार्टीने तर सरळ विचारलं, "मॅडम, डबा आमचा आहे का?"

मग सॉफ्टवेअर. वजन नुसतं देऊन चालत नव्हतं. ते कोणी पडताळलं, त्या अधिकृत माणसाचं नाव हवं. कुठल्या पद्धतीने काढलं तेही हवं, कारण पद्धती दोन आहेत. पहिली: भरलेला डबा काट्यावर घ्यायचा. दुसरी: आतलं प्रत्येक खोकं, पॅलेट, बांधायचं सामान मोजायचं आणि त्यात रिकाम्या डब्याचं वजन मिळवायचं. शिवाय ही माहिती जहाजाच्या ठरलेल्या वेळेआधी पोचली पाहिजे आणि चुकली तर दुरुस्त करता आली पाहिजे. म्हणजे एक रकाना नाही, निदान पाच. वर दुरुस्तीचा इतिहास वेगळा.

यंत्रणा. आमच्या काट्याचा डिस्प्ले कम्प्युटरला सिरीयल केबलने जोडलेला. कम्प्युटर काट्याच्या केबिनमध्ये, सर्व्हर ऑफिसात. जुलै महिना, उरणचा पाऊस. लाइट गेली की काटा इन्व्हर्टरवर चालायचा, पण नेटवर्कचा स्विच बंद पडायचा. मग वजन चिठ्ठीवर लिहून माणूस छत्री घेऊन ऑफिसात धावायचा. आणि रिकाम्या ट्रेलरचं वजन? ते आम्ही एकदाच मोजून ठेवलं होतं, मे महिन्यात, कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात टायरला आणि चेसीला चिकटलेला चिखल आणि टाकीतलं डिझेल दर फेरीला वेगळं.

आणि सगळ्यात शेवटी काम. हा थर मी बघितलाच नव्हता. आमच्या काट्यावर एक काका होते, जासई भागातले. काट्यावर त्यांची पंधराएक वर्षं गेलेली. नियम लागू झाल्यावर दुसऱ्या रात्री त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बाहेर उभा असलेला ट्रेलर दाखवला. त्यावर दोन वीस फुटी डबे होते, दोन वेगळ्या पार्ट्यांचे. काका म्हणाले, "पोरी, दोन डबे एका गारीव आले तं येकेकाचा वजन कसा काढशील?"

मी गप्प. काटा दोन्हींचं मिळून वजन दाखवणार, आणि नियमाला प्रत्येक डब्याचं वेगळं हवं. उपाय एकच होता. एकदा दोन्ही घेऊन मोजायचं, रीच स्टॅकरने एक डबा उतरवायचा, पुन्हा मोजायचं, वजाबाकी करायची आणि मग डबा परत चढवायचा. म्हणजे दोन जादा उचली, जादा पैसे, आणि स्टॅकर मोकळा असेल तेव्हाच. त्या रात्री असे नऊ ट्रेलर अडकले. ड्रायव्हर पावसात केबिनमध्ये झोपले. त्यातला एक पहाटे मला म्हणाला की त्याला फेरीवर पैसे मिळतात, तासावर नाही. म्हणजे माझ्या अर्ध्या दिवसाची किंमत त्याने भरली.

मी काकांना विचारलं, "तुम्हाला हे आधी सुचलं होतं का?" ते म्हणाले, "सुचला व्हता. पन मना कोनी इचारलाच नाय."

मंडळी, इम्पॅक्ट असेसमेंटवर मी पुढे बरंच वाचलं, पण काकांच्या या वाक्याइतकं कामाचं काही सापडलं नाही.

पुस्तक काय सांगतं

या क्षेत्रात टोगॅफ नावाची एक चौकट खूप वापरतात. द ओपन ग्रुप नावाची संस्था ती चालवते, पहिली आवृत्ती १९९५ ची. त्यात आर्किटेक्चर बनवण्याचे टप्पे एका चक्रात गोल मांडलेले असतात आणि मधोमध एकच गोष्ट असते: रिक्वायरमेंट मॅनेजमेंट. सगळे टप्पे तिला जोडलेले. याचा अर्थ साधा आहे. गरज ही सुरुवातीला एकदा लिहून फाइलला लावायची गोष्ट नाही. ती कुठल्याही टप्प्यावर बदलेल, आणि बदलली की विचारायचं: आपण ओलांडून आलेल्या कुठल्या टप्प्यांवर परत जावं लागेल?

त्याच चौकटीत बदलांचे तीन प्रकार सांगितलेत. आपल्या बंदराच्याच उदाहरणांनी बघूया.

पहिला, सोपं करणारा बदल. काहीतरी कमी होतं, खर्च वाचतो. कस्टम्सने २०१८ मध्ये ई-संचित आणलं, म्हणजे कागदपत्रं स्कॅन करून अपलोड करायची, फायलींचे गठ्ठे घेऊन फिरायचं नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हे तुलनेने सोपं. पण इथेही विचारा, गठ्ठे घेऊन फिरणारा मुलगा आता काय करणार?

दुसरा, भर घालणारा बदल. आहे ती रचना ठेवायची आणि तिच्यात वाढ करायची. व्हीजीएम वरवर या प्रकारात बसतं.

तिसरा, पायाच बदलणारा. जेएनपीटीत २०१६-१७ पासून डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीवर जोर आला. पूर्वी आयातीचा डबा बहुतेक वेळा टर्मिनलवरून सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात जायचा आणि तिथे कस्टम्स होऊन मग कारखान्यात. आता पात्र आयातदाराने थेट टर्मिनलवरूनच डबा न्यायचा. आयातदाराचा वेळ वाचला, पैसे वाचले. पण सीएफएसचा धंदाच त्या मधल्या मुक्कामावर उभा होता. त्यांच्या आयटीवाल्यांनी "एक नवा स्टेटस वाढवा" म्हणून ही रिक्वायरमेंट बंद केली असेल, तर त्यांनी तिचा अर्थच वाचला नाही. तिथे प्रश्न असा होता: डबा आपल्याकडे येणारच नसेल, तर आपण कुठली सेवा विकणार?

म्हणून आधी प्रकार ओळखा. पहिल्या प्रकाराच्या बदलावर तीन महिने समिती बसवली तर वेळ वाया जातो, आणि तिसऱ्या प्रकाराला अर्धा दिवस दिला तर धंदा जातो.

एकाचे अनेक झाले

आता दुसरं वर्ष. २७ जून २०१७. नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्यात मर्स्कचे कम्प्युटर जगभर बंद पडले. न्हावा शेवाचं एक टर्मिनल त्यांच्याच समूहातलं, तेही अडकलं. काम हाताने सुरू ठेवायची वेळ आली, ट्रेलर खोळंबले. मूळ कुठे? युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये. विचार करा. युक्रेनमधलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि उरणच्या रस्त्यावरचा ट्रेलर यांचा संबंध कुठल्या नकाशावर होता? मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कम्प्युटर नव्याने उभे करावे लागले.

ही रिक्वायरमेंट नव्हती, हल्ला होता. तरी सांगितलं, कारण कोण कोणावर अवलंबून आहे ते शांत दिवसांत लिहून ठेवलं नसेल तर गोंधळाच्या दिवशी शोधता येत नाही. आणि त्याच आठवड्यात, १ जुलैला, जीएसटी लागू झाला.

जीएसटी म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात कराचा दर. दर बदलणं सोपं असतं, सेटिंगमध्ये एक आकडा. खरा बदल माहितीच्या आकारात होता. आधी सेवाकरात अनेक कंपन्या देशभरासाठी एकच केंद्रीकृत नोंदणी घ्यायच्या. म्हणून आमच्या सिस्टीममध्ये एका ग्राहकाला करनोंदणीचा एकच क्रमांक होता. जीएसटीत नोंदणी राज्यवार. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गुजरातचा २४ ने. म्हणजे एका ग्राहकाला क्रमांक अनेक. आणि सेवा कुठल्या राज्यात पुरवली यावर केंद्र-राज्य असा दुहेरी कर लावायचा की आयजीएसटी, हे ठरणार.

डेटाबेस शिकणाऱ्यांनो, इथे कान द्या. "एकाला एक" हे नातं जेव्हा "एकाला अनेक" होतं, तेव्हा तो बदल कधीच छोटा नसतो. बिल, उधारीची यादी, ग्राहकाचं लॉगिन, रिपोर्ट, जिथे जिथे "ग्राहकाचा क्रमांक" असं एकवचनात लिहिलंय तिथे हात लावावा लागतो. बदलाचा आकार ओळखायची ही माझी पहिली चाचणी आहे. नियम वाचताना विचारायचं, इथे कुठल्या एकवचनाचं अनेकवचन झालं का?

आणि याची झळ कोणाला बसली? छोट्या निर्यातदारांना. निर्यातीवर भरलेला आयजीएसटी परत मिळतो. त्यासाठी शिपिंग बिल हाच अर्ज मानला जातो आणि कस्टम्सची सिस्टीम जीएसटीच्या रिटर्नमधला बिलाचा क्रमांक शिपिंग बिलाशी जुळवून बघते. पण बऱ्याच निर्यातदारांची सवय अशी की जीएसटीचं बिल एका क्रमांकाने आणि परदेशी ग्राहकाला दिलेलं निर्यातीचं बिल दुसऱ्या क्रमांकाने. सिस्टीमला ते जुळेना. एसबी ००५ हा एरर कोड त्या काळात कस्टम एजंटांना पाठ झाला होता. महिनोन् महिने रक्कम अडकली. शेवटी सरकारला अधिकाऱ्यांमार्फत दुरुस्तीची सोय करावी लागली आणि २०१८ च्या मार्चपासून परताव्यासाठी खास पंधरवडे घ्यावे लागले.

दोन सिस्टीम, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मधल्या सांध्यावर कोणाचं लक्ष नव्हतं. मोठी कंपनी सहा महिने थांबू शकते. दहा कामगारांचा मसाल्याचा किंवा कपड्याचा कारखाना नाही थांबू शकत, त्याचं पुढच्या ऑर्डरचं भांडवलच त्या परताव्यात असतं.

तारीखही बदलते

अजून एक गंमत. समुद्रमार्गे येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या यादीचे नवे कस्टम्स नियम मे २०१८ मध्ये जाहीर झाले आणि १ ऑगस्ट २०१९ पासून लागू झाले. पण पूर्ण अंमलबजावणीची मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढत गेली. ज्यांनी पहिल्या तारखेला जुनी पद्धत उपटून टाकली त्यांची अडचण झाली. "मुदत वाढेलच" म्हणून जे बसून राहिले त्यांचीही कधी ना कधी झाली.

यातून धडा हा की तारीख हीसुद्धा रिक्वायरमेंट आहे आणि तीही बदलू शकते. म्हणून जुनी आणि नवी पद्धत काही काळ शेजारी-शेजारी चालेल अशी रचना करा. एका स्विचने इकडून तिकडे जाता आलं पाहिजे, आणि परतही येता आलं पाहिजे.

एका पानाची पद्धत

आता तुम्ही म्हणाल, ताई, गोष्टी झाल्या, आम्ही करायचं काय? मी आता प्रत्येक बदलासाठी एक पान लिहिते. मोबाइलच्या नोट्समध्येही चालेल. सात प्रश्न.

एक. ही गरज कुठून आली? कायदा, ग्राहक, की कोणाची हौस? कायदा असेल तर मूळ नियम स्वतः वाचायचा, व्हॉट्सअॅपवर फिरणारा सारांश नाही.

दोन. प्रकार कुठला? सोपं करणारा, भर घालणारा, की पाया बदलणारा?

तीन. कुठल्या शब्दाचा अर्थ बदलतोय? "वजन", "ग्राहक", "बिल क्रमांक". त्या शब्दाचा रकाना किती ठिकाणी वापरलाय ते शोधून यादी करायची. जुन्या रकान्यात नवा अर्थ कोंबायचा नाही.

चार. एकाचे अनेक होतायत का?

पाच. आपल्या भिंतीबाहेर कोणाला ही माहिती जाते? त्यांची सिस्टीम तयार आहे का? फोन करून विचारायचं, गृहीत धरायचं नाही.

सहा. चुकलं तर पहिल्या रात्री काय करायचं? कागदावर काम चालेल का, कोण लिहील, नंतर कोण भरेल? आणि परत फिरायचा रस्ता कुठला?

सात. हे काम रोज हाताने करणारा माणूस कोण? त्याच्याकडे जाऊन, त्याच्या जागी उभं राहून त्याला विचारायचं: यात काय अडेल?

सातवा प्रश्न शेवटी लिहिलाय, पण विचारायचा पहिला. काट्यावरच्या काकांकडे मी नियम लागू व्हायच्या आधी वीस मिनिटं बसले असते, तर त्या रात्रीचे नऊ ट्रेलर अडकले नसते. त्यांच्याकडे डिग्री नव्हती, आर्किटेक्चर डायग्राम नव्हता. पण त्या काट्यावर काय काय येतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि पान लिहून झालं की साहेबांना एक आकडा नका देऊ. तीन गोष्टी द्या: केलं तर किती खर्च, नाही केलं तर काय होईल, आणि मला अजून काय माहीत नाही. तिसरी गोष्ट सांगायला मला सुरुवातीला लाज वाटायची. वाटायचं, साहेब म्हणतील हिला काही येत नाही. प्रत्यक्षात उलट झालं. ज्या दिवशी मी "अर्धा दिवस"ऐवजी "दोन दिवस द्या, मी यार्डात फिरून येते, मग सांगते" म्हणाले, त्या दिवसापासून माझ्या अंदाजावर लोक विश्वास ठेवायला लागले.

जाता जाता

उरणमध्ये हा विषय बोलताना एक गोष्ट वगळता येत नाही. आपण "स्टेकहोल्डर" म्हणतो आणि मीटिंगला आलेल्यांची नावं लिहितो. हे बंदर बांधलं तेव्हा शेवा गावातल्या कोळी कुटुंबांना उठवून उरणजवळ नव्या जागी वसवलं, तो हनुमान कोळीवाडा. त्या जागी वाळवी निघाली. घरांच्या लाकडाला, दारांना, सामानाला वाळवी. दुसरीकडे नीट पुनर्वसन करा, ही मागणी गावाने वर्षानुवर्षं लावून धरली. बंदराच्या योजनेत जहाजाचा ड्राफ्ट, खाडीची खोली, रेल्वेची जोडणी सगळं मोजलं गेलं असणार. ज्यांना हलवायचं त्यांच्या पायाखालची माती मात्र नीट तपासली गेली नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले इतकं मोठं काही करत नाही. पण आपला एक रकाना चुकला की कोणाची तरी रात्र रस्त्यात जाते, कोणाचे तरी पैसे अडकतात, आणि तो माणूस बहुतेक वेळा मीटिंगला नसतो. म्हणून पुढच्या वेळी कोणी विचारलं "किती काम आहे?" तर लगेच उत्तर देऊ नका. आधी काट्यावर जाऊन या.

तुमच्या कामात "फक्त एक रकाना" कधी किती लांब गेला, ते मला नक्की कळवा. कंपनीचं नाव नका सांगू, गोष्ट सांगा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोवर काळजी घ्या, आणि उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या डाव्या बाजूने बाइक घालू नका. भेटूया!